बायपोलर निघालं म्हणून एमबीबीएस सोडवायचं?

इंदूरमध्ये ज्यांची मुलं मेडिकलला आहेत, अशा मराठी घरांत एक मेसेज फिरतोय: बायपोलर (कधी उन्माद, कधी खोल उदासी आणणारा मानसिक आजार) निघालं तर शिक्षण सोडवा, त्यावरच्या लिथियम या औषधाने डोकं बधिर होतं म्हणून परीक्षेपुरत्या गोळ्या थांबवा, आणि कॉलेजात कळलं तर डिग्री गेली. तिन्ही गोष्टी चूक आहेत, मधली तर जिवावर बेतणारी.

लिथियम अचानक बंद केलं की आजार उलटतो, आत्महत्येचा धोकाही वाढतो. थांबवायचंच असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किमान 4 आठवडे, शक्यतो 3 महिने घेऊन डोस उतरवतात. डोकं जड वाटतं, हात बारीक थरथरतो, हे खरं आहे. सर्जरी करणाऱ्याला ते फार जाचतं. तेव्हा आधी रक्तातली लिथियमची पातळी बघायची. शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी रक्त द्यायचं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा उगाच फुगलेला येतो. बहुतेकांना 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर पुरतं. 1.5 च्या वर विषबाधेची भीती. इंदूरच्या मे महिन्यातला घाम, निर्जळी एकादशी, जुलाब, या सगळ्यांत अंगातलं पाणी आटतं आणि पातळी चढते. अंगदुखीला ब्रुफेन घेतली तरी चढते, पॅरासिटामॉल चालते.

शिक्षण सोडवून आजार जात नाही. तो बहुधा सुरूच होतो विशीच्या आसपास, म्हणजे नेमका एमबीबीएसच्या वर्षांत. त्याला भडकवतं ते जागरण. सलग नाइट ड्यूट्या बदलून घ्या, झोपेची वेळ सांभाळा. तीन तास झोपूनही मुलगा ताजातवाना, बोलणं भरधाव, खर्च अवाच्या सवा, असं चार दिवस चाललं की तपासणी हवी. होस्टेलमध्ये नेमकं यालाच ‘काय अभ्यास करतोय’ म्हणून वाखाणतात! आणि उदासी आली की एखादा सीनियर चिठ्ठीवर नुसती डिप्रेशनची गोळी लिहून देतो. बायपोलरमध्ये तेवढ्यानेच उन्माद उसळू शकतो. मेडिकलच्या मुलांचं मोठं नुकसान या घरगुती इलाजाने होऊ शकतं.

राहिली डिग्री. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गोपनीय असते, आणि नुसत्या निदानावरून कोणाला अक्षम ठरवता येत नाही. तीव्र झटक्यात ड्यूटीवरून बाजूला व्हावंच लागतं, रुग्णांसाठी. सावरल्यावर परतता येतं. आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत जायचा संकोच असेल तर बाहेरचा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत लागतो.