झाकण जास्त आवळलं म्हणजे गळती थांबते, हे खरं नाही

‘ऑटोमॅटिक कॅपिंग मशीन बसवा, टॉर्क जास्तीत जास्त ठेवा, गळती कायमची बंद’ असा मेसेज सध्या लघुउद्योजकांमध्ये फिरतोय. कॅपिंग मशीन म्हणजे बाटल्यांना झाकण लावणारं यंत्र, आणि टॉर्क म्हणजे झाकण फिरवून आवळण्याचा जोर. हा मेसेज चुकीचा आहे आणि त्यापायी चांगला माल वाया जातो, म्हणून हा खुलासा.

प्लास्टिकचं झाकण मर्यादेपलीकडे आवळलं की आटे घसरतात, झाकणाला चीर जाते किंवा आतला लायनर (तोंड घट्ट बंद करणारी चकती) चेपतो. बाटली लाइनवरून उतरताना ठीक दिसते. गळायला लागते ती गोदामात किंवा टेम्पोत. म्हणूनच अनेक मशीनच्या हेडमध्ये, म्हणजे झाकण फिरवणाऱ्या भागात, मॅग्नेटिक क्लच असतो. ठरलेला टॉर्क आला की तो सुटतो आणि झाकण आणखी आवळलं जात नाही. शिवाय प्लास्टिक नंतर सैलावतं, त्यामुळे झाकण उघडायला लागणारा टॉर्क लावलेल्या टॉर्कपेक्षा साधारणपणे कमीच भरतो. तेव्हा मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. टॉर्क मीटरवर बाटल्या तपासा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

गळतीचं मूळ पुष्कळदा मशीनमध्ये नसतंच. पीसीओ १८१० आणि पीसीओ १८८१ हे प्लास्टिक बाटलीच्या मानेचे दोन ठरीव प्रकार. दोन्ही माना २८ मिमीच्याच, पण १८८१ आखूड. एकीचं झाकण दुसरीवर चढवलं तर कितीही आवळा, भरवसा नाही. भरताना तोंडावर सांडलेलं तेलही असाच दगा देतं. इंडक्शन सीलिंगमध्ये, म्हणजे झाकणाखालचं फॉइल विद्युतचुंबकीय उष्णतेने बाटलीच्या तोंडाला चिकटवताना, फॉइल चिकटायला झाकणाचा दाब लागतोच, पण नंतर झाकण ढिलं होऊ शकतं. ते पुन्हा आवळावं लागतं.

सिरपच्या काचेच्या बाटलीवरचं अॅल्युमिनियमचं झाकण तर निराळंच. त्याला आधी आटे नसतात. मानेवर बसल्यावर रोलर ते दाबून घडवतात. तिथे गळती दिसली तर आधी रोलरचा आणि वरून पडणारा दाब बघा.