क्रम, डिफ आणि हिंजवडीहून आलेली प्रतिक्रिया

नमस्कार. याद्या वर्णानुक्रमे लावल्या की डिफ (दोन आवृत्त्यांमधला फरक) आणि मर्ज (दोघांचे बदल एकत्र करणं) सोपे होतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोड अर्थानुसार मांडावा, वर्णानुक्रमे लावणं हा पोरखेळ, शिवाय हललेल्या ओळी गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वेगळ्या रंगात दाखवतंच, मग हा खटाटोप कशाला?

पहिली गोष्ट मान्य. कनेक्शन उघडणारं आणि बंद करणारं फंक्शन शेजारीशेजारीच बरं. माझा रोख आहे तो ज्यांना मुळात अर्थाचा क्रमच नाही अशा याद्यांवर: कॉन्फिगमधल्या कीज (सेटिंगच्या फाइलीतली नोंदींची नावं), भाषांतराच्या फायली, डिपेंडन्सी (प्रकल्पाला लागणारी बाहेरची पॅकेजेस). तिथे जो तो नवी ओळ शेवटी चिकटवतो.

पुण्यातल्या डिलिव्हरी-शुल्काची जेसन फाइल (नाव आणि किंमत अशा जोड्यांची साधी मजकूर-फाइल) घ्या. त्यात कोथरूड, धनकवडी, बाणेर आहेत. एका ब्रँचवर (कोडच्या समांतर प्रतीवर) कोणी शेवटी वारजे जोडलं, दुसरीवर औंध, तेही शेवटीच. बदल एकाच जागी, म्हणजे मर्जला कॉन्फ्लिक्ट (कोणाचा बदल ठेवायचा हे गिटला ठरवता न येणं) ठरलेला. त्यातून जेसनमध्ये शेवटच्या नोंदीपुढे स्वल्पविराम चालत नाही. भर एका नोंदीची, पण स्वल्पविरामापायी बाणेरची ओळही बदलते आणि ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञेत) तिच्यावर भलत्याचंच नाव लागतं. क्रम पाळला असता तर औंध सगळ्यात वर गेलं असतं, वारजे तळाला, आणि मर्ज बिनबोभाट झाला असता. लगतच्या दोन जागी एकदम भर पडली तर तंटा तेव्हाही होईल, पण क्वचित.

आता रंगाचं. हललेल्या ओळी रंगवणारी गिटची कलर-मूव्हड ही सोय 2017 पासून आहे, पण ती फक्त दाखवण्यापुरती; मर्जला तिचा काडीचा उपयोग नाही. एकाने फंक्शन हलवलं आणि दुसऱ्याने त्याच्या आत बदल केला, तर रंग कितीही सुंदर असो, कॉन्फ्लिक्ट बहुधा येणारच. शिवाय 20 अक्षर-अंकांपेक्षा लहान तुकडा नेहमीच्या सेटिंगमध्ये ती धरतच नाही. छोट्या इम्पोर्टच्या (दुसरीकडचा कोड वापरायला आणणाऱ्या) ओळी नेमक्या यातच निसटतात.

क्रम हाताने लावू नका. जेसनला जेक्यू या साधनाचा कॅपिटल एस (-S) हा पर्याय, पायथॉनच्या इम्पोर्टना आयसॉर्ट हे साधन. साध्या यादीला सॉर्ट ही आज्ञा चालते, मात्र लोकेल (भाषेनुसार क्रम ठरवणारं सेटिंग) सी, म्हणजे निव्वळ बाइटक्रमाचं, ठेवूनच. नाहीतर एकाच्या मशीनवर कॅपिटल अक्षरं आधी, दुसऱ्याच्या मशीनवर मिसळलेली, आणि फाइल दर कमिटला (गिटमध्ये बदल नोंदवताना) उलटसुलट. (देवनागरी कीज असतील तर सी लोकेलमध्ये ळ हा ल नंतर लगेच येतो, ह नंतर नाही. डिफला त्याचं सोयरसुतक नाही.)

पहिल्यांदा क्रम लावाल तो स्वतंत्र कमिटमध्ये, सोबत दुसरा एकही बदल नको. त्याचा पूर्ण हॅश (कमिटची ओळखखूण) एका फाइलीत लिहून ती ब्लेमच्या इग्नोर-रेव्ह्ज-फाइल सेटिंगला द्या, म्हणजे ब्लेम तो कमिट सोडून देतं; गिट 2.23 पासून हे जमतं. स्क्वॉश करून (ब्रँचचे सगळे कमिट एकात मिसळून) मर्ज करत असाल तर हॅश बदलतो, तेव्हा नोंद मर्जनंतरच करा. उघड्या ब्रँच शक्यतो आधी मर्ज करून संपवा.

सीएसएसचे (वेबपानाच्या मांडणीचे) नियम, डेटाबेसची मायग्रेशनं (रचना टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या फायली), सी भाषेच्या स्ट्रक्टमधली (एकत्र बांधलेल्या माहितीतली) फील्डं, आणि ज्यांचा ऑर्डिनल (यादीतला क्रमांक) डेटाबेसात साठवला आहे असे जावाचे एनम (ठरावीक पर्यायांच्या याद्या) यांना मात्र हात लावायचा नाही. तिथे क्रम हाच अर्थ असतो. सॉर्टरला त्या फायली वगळायला सांगा आणि यादीच्या डोक्यावर 'क्रम बदलू नये' अशी कॉमेंट टाका, कारणासकट.