आठ रेघा, दोन चांदण्या

आमचं सॉफ्टवेअर सोसायट्यांचे हिशेब ठेवतं. त्याचं मार्गदर्शक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कामं वाटली तेव्हा मी खाली चहाला गेलो होतो. चार दिवसांचं काम. पण कुठल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे शीर्षक, तक्ता, ठळक शब्द दाखवायला मजकुरात कुठल्या पद्धतीच्या खुणा टाकून लिहायचं, यातच तीन आठवडे गेले.

"मार्कडाऊन! त्यात काय विचारायचं?" टीममधली सगळ्यात धाकटी म्हणाली. विचारायचं हे, की कुठलं? 2004 साली जॉन ग्रुबरनं ते काढलं तेव्हा त्यात तक्तेच नव्हते. मग ज्यानं त्यानं आपापले घातले. म्हणजे मिसळच, नाव एक, रस्सा दर दुकानात निराळा. 2014 मध्ये कॉमनमार्क नावाच्या प्रकल्पानं रस्सा प्रमाणित करायला घेतला (पुण्यात कुणी करून दाखवावं), पण त्यातही तक्ता नाही. आणि आमचं अर्धं मार्गदर्शक म्हणजे मेंटेनन्सचे तक्ते.

सीनियर पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवाले. त्यांचा हट्ट त्या गोतावळ्यातल्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या फॉरमॅटचा. त्यात शीर्षकाखाली रेघ मारावी लागते, निदान शीर्षकाइतकी लांब. मी लिहिलं, 'स्थापनेची पद्धत'. बोट ठेवून अक्षरं मोजली, मधली जागा धरून आठ. आठ रेघा मारल्या. यंत्र म्हणे, रेघ तोकडी. नऊ मारल्या, तोकडी. दहा, तोकडी. शेवटी कळलं, ते जोडाक्षरं फोडून, काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं मोजत होतं. तेराव्या रेघेला गप्प बसलं. शाळेत शुद्धलेखनाच्या बाईंनीही इतका छळ केला नव्हता.

आस्कीडॉक हे तिसरं फॉरमॅट त्यातल्या त्यात शहाणं निघालं. म्हणूनच बहुधा त्याच्या बाजूनं कुणी भांडलं नाही.

अखेर मार्कडाऊनच ठरलं. कच्ची फाइलही, म्हणजे ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन चांदण्यांसारख्या खुणांसकट, माणसाला सहज वाचता यावी, हा म्हणे त्याचा मूळ हेतू. त्या भरवशावर मी सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना कच्चीच फाइल पाठवली. अर्ध्या तासात फोन.

"प्रिंट काढून समोर ठेवलीय. एकेक शब्द वाचून करतोय."

"वा! अडलं कुठे, काका?"

"तिसऱ्या पायरीवर. 'जतन करा'च्या आधी दोन चांदण्या आहेत, नंतर दोन. कीबोर्डावर एक चांदणी आठाच्या डोक्यावर सापडली, दुसरी उजवीकडच्या आकड्यांपाशी. आधी कुठली दाबू?"