काका, गाईचा उपास आपल्या एकादशीसारखा नसतो

काका, नमस्कार.

व्यायच्या सुमारास गाय उपाशी ठेवू नका, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी इंदूरच्या जनावरांच्या दवाखान्यात बसून गवळ्यांना उगाच दोष देतो. तुमच्याकडे वडिलांच्या काळापासून गाय व्यायला आली की आंबोण म्हणजे खुराक तोडतात, व्याल्यावर दोन दिवस गूळपाणी नि मूठभर भुसा, आणि एकही गाय मेलेली नाही. उलट उपाशी गाईच्या दुधाला फॅट वाढून लागतं, हे मीच लेखात लिहिलंय. आपण एकादशी करतो, मग गाईला काय धाड भरते?

फॅटपासूनच सुरुवात करतो, पैसा तिथे आहे. वाढतं ते टक्क्यांत. समजा गाय १० लिटर देते, फॅट ४. म्हणजे ४०० ग्रॅम. उपाशी राहून ६ लिटरवर आली आणि फॅट ५ लागलं, तर ३०० ग्रॅम. पावतीवर आकडा मोठा, हातात माल कमी. शिवाय प्रोटीन घसरतं, त्यामुळे एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) मार खातं. आणि ते जास्तीचं फॅट चाऱ्यातलं नाही, तिच्या अंगावरून उतरलेलं आहे.

दूध घटतं ते साखरेपायी. १ लिटर दुधामागे गाईला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. त्याचं कासेत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, होतं आणि तेच पाणी ओढून घेतं, म्हणून लॅक्टोज जितकं, दूध तितकं.

आता एकादशी. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी याला उपास म्हणायचं का, हा वाद बाजूला ठेवू, निर्जळीच धरू. माणसाच्या यकृतात साखरेचा साठा असतो, तो दिवसभर पुरतो. तो सरत आला की यकृत नवी साखर बनवायला जोर लावतं. गाईचं नेमकं उलट. तिच्या कोठीपोटातले (पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटातले) जीवाणू चारा आंबवून त्याची ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं करतात. आयती साखर रक्तात जवळजवळ जातच नाही. प्रोपिऑनिकपासून यकृत ती बनवतं, तेही पोट भरलेलं असताना जास्त. चारा थांबला की कच्चा मालच थांबला. कोठीपोटात आधीचा चारा असतो, म्हणून पहिल्या दिवशी गाय ठणठणीत दिसते. तुमच्या वडिलांची फसगत इथेच झाली असणार.

तुम्ही लिहिलंत, ‘अंगात चरबी आहे, काढेल की चार दिवस’. भाकड गाय काढेलही. ताज्या व्यालेल्या गाईची कास मात्र थांबत नाही. उपासात इन्सुलिन उतरतं, त्यामुळे मांसपेशी साखर कमी घेतात. कासेला इन्सुलिनची गरज नाही, ती ओढतच राहते. मग चरबी वितळून यकृताकडे लोटते. यकृताला ती पुरती जाळता येत नाही, अर्धवट जळून कीटोन नावाचे पदार्थ होतात, उरलेली तिथेच साचते. गाईचं यकृत साचलेली चरबी बाहेर धाडण्यात मुळातच कच्चं. म्हणून हडकुळीपेक्षा लठ्ठ गाय उपासात जास्त धोक्यात.

इंदूरजवळच्या सांवेरकडे एका गोठ्यात अशी कीटोन वाढलेली गाय पाहिली. ढेपेला तोंड लावत नव्हती, कडबा तेवढा चघळायची. शेण घट्ट, वर शेंबडासारखा थर. मधूनच भिंत चाटत सुटायची. तोंडाजवळ गेलं की नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास. मूत्राचे थेंब कीटोन ओळखणाऱ्या रोथेराच्या भुकटीवर टाकले, भुकटी जांभळी. मालक म्हणत होता, दृष्ट लागली.

तुमची एक गोष्ट शंभर टक्के मान्य: व्यायच्या आधी गाय फुगवू नये. पण त्यासाठी आंबोण भाकड काळाच्या सुरुवातीपासून बेतात ठेवायचं असतं, शेवटच्या आठवड्यांत तोडायचं नसतं. वासराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांतच होते. तेव्हा आईला उपाशी ठेवून वासरू फारसं लहान होत नाही, तीच खंगते.

गुळाचं म्हणाल तर भावना चांगली आहे. पण तो कोठीपोटात पडतो आणि जीवाणू त्याचंही आम्ल करून टाकतात, त्यात ब्युटिरिक बरंच, आणि त्याचे पुन्हा कीटोनच. म्हणूनच आम्ही डेक्स्ट्रोज (ग्लुकोजच) शिरेतून देतो आणि तोंडाने प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजतो. या ग्लायकॉलमधलं बरंचसं जीवाणूंच्या तावडीतून सुटतं किंवा त्याचं प्रोपिऑनिक होतं, आणि दोन्हींपासून यकृत साखर बनवतं.

शेवटी तुमच्या पुतण्याची देपालपूरची गाय. परवा व्याली आणि गूळपाण्यावरच आहे असं लिहिलंत, ते वाचून मला चैन नाही. आजच सुकं गवत नि हिरवा चारा गव्हाणीत टाकायला सांगा, पाणी सतत पुढे हवं. आंबोण मूठ-मूठ वाढवत न्या. घाबरून गव्हाचा भरडा किंवा लग्नातल्या उरलेल्या पुऱ्यांचा ढीग घालू नका. उपाशी कोठीपोटात एकदम धान्य पडलं की लॅक्टिक आम्ल उसळतं आणि नवंच दुखणं उभं राहतं. ढेप नाकारत असेल तर मूत्र तपासून घ्या, तिथल्या डॉक्टरांकडे रोथेराची भुकटी असते. कान गार लागले, मान वळवून बसली, उठेना, तर तो कॅल्शियमचा प्रश्न असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता लगेच फोन करायला सांगा.