२५२० : रामानुजन यांच्या नावावर खपवलेली संख्या

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी एकमेव संख्या २५२०. ती श्रीनिवास रामानुजन यांनी शोधली. आणि तिचं रहस्य ७ × ३० × १२, म्हणजे आठवड्याचे वार, महिन्याचे दिवस आणि वर्षाचे महिने, यांच्या गुणाकारात आहे. भागाकार बरोबर आहेत. बाकीचं पाहू.

एकमेव? २५२० च्या पाढ्यातली कुठलीही संख्या घ्या : ५०४०, ७५६०, १००८०. सगळ्या चालतात. २५२० त्यांतली सर्वांत लहान, इतकंच.

रामानुजन यांचा शोध? हा १ ते १० चा लसावि (लघुतम साधारण विभाज्य) आहे, शाळेतला. प्रत्येक मूळ संख्येचा सर्वांत मोठा घात घ्यायचा : २ चा ८ मध्ये मिळतो, ३ चा ९ मध्ये, मग ५ आणि ७. ८ × ९ = ७२, ७२ × ५ = ३६०, ३६० × ७ = २५२०. ४, ६, १० वेगळे घ्यायचे नाहीत, त्यांचे अवयव आत आलेच. मुलं नेमकी इथे चुकतात. १ ते १० सरसकट गुणतात आणि ३६,२८,८०० वर पोचतात. भाग त्यालाही जातो, पण ते उत्तर १४४० पट मोठं आहे. हीच रीत पुढे नेली की ११ पर्यंत २७,७२० येतात, १२ ला काहीच बदलत नाही, १३ ला ३,६०,३६० होतात. लसाविची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात, सातव्या खंडात आहे. त्याच्याही आधी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबं सुचवली, ती याच कारणासाठी : १ ते १० पैकी कितीही वाटे करा, उरत काही नाही.

पंचांगाचं रहस्य? १२ × ३० = ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. आठवड्याने नेमका तो ७ पुरवला. महिना ३१ दिवसांचा धरा : ७ × ३१ × १२ = २६०४, आणि ५, ८, ९, १० चारही अडतात. चांद्रमासाच्या ३० तिथी खऱ्या आहेत, पण तिथी साधारण साडेतेवीस तासांची, वार चोवीस तासांचा; त्यांचा गुणाकार कशाचंच मोजमाप नाही.

वाईट याचं वाटतं, की रामानुजन यांचं खरं काम यात झाकलं जातं. १९१५ च्या त्यांच्या दीर्घ निबंधाचा विषय होता, आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. २५२० त्यांत बसते. २५२० = २³ × ३² × ५ × ७; घातांकांत एकेक मिळवून गुणा, ४ × ३ × २ × २ = ४८ विभाजक. तिच्याआधीच्या १६८० ला ४०, नंतरच्या ५०४० ला ६०. घातांक पाहा : ३, २, १, १. अशा संख्येत लहान मूळ संख्येकडून मोठीकडे जाताना ते कधी वाढत नाहीत, आणि शेवटच्या मूळ संख्येचा घातांक नेहमी १ असतो, हे त्यांनी सिद्ध केलं. अपवाद दोनच, ४ आणि ३६.