मालधक्क्याचं माप रुळांवरून घेत नाहीत

नमस्कार. मालधक्का म्हणजे स्टेशनवर माल चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेला उंच कट्टा; त्याच्या माझ्या मॉडेलवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया कडक आहे, पण अभ्यास करून लिहिलेली आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटेना.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी १:८७ या प्रमाणात काम करतो आणि माझ्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर आहे. भारतीय ब्रॉडगेजसाठी या प्रमाणात १९ मिलिमीटरहून जास्त अंतर हवं. पायातच तीन मिलिमीटरची चूक असताना धक्क्याच्या कडेसाठी अर्ध्या मिलिमीटरचा हट्ट कशाला, असं तुम्ही विचारता. शिवाय स्टेशन काल्पनिक. एखादा जर्मन किंवा इंग्लिश किट (जोडायला तयार सुट्या भागांचा संच) आणून रंगवला असता, नाहीतर धक्क्यावरची सगळी शेड थ्रीडी प्रिंट करून घेतली असती, तर कुणाला फरक कळला नसता आणि कित्येक महिने वाचले असते.

गेजचा हिशोब तुमचा बरोबर आहे. ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागलं की १९.२६ येतात. १६.५ मिलिमीटरचे रूळ १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय गेजसाठी ठरले आणि इंजिनं, वाघिणी (मालगाडीचे डबे), सांधे सगळं त्याच मापात मिळतं. ते बदलायचं तर प्रत्येक चाकाचा आस बदलावा लागेल. ही तडजोड मी पहिल्या दिवशी जाणून-बुजून स्वीकारली आणि तिचं मला ओझं वाटत नाही. इंग्लंडमध्ये लाँग विटनम इथे पेंडन हे मॉडेलांचं म्युझियम आहे, रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये उभं केलेलं. कार्डबोर्डवर एकेक दगड कोरून केलेली तिथली घरं बघायला जगभरातून लोक येतात. तिथलेही रूळ १८ मिलिमीटरचे आहेत. त्यांच्या १:७६ च्या प्रमाणात काटेकोर माप १८.८३ येतं. म्हणून तिथल्या घरांच्या खिडक्या कुणी ढोबळ केल्या नाहीत.

पण तुमच्या युक्तिवादातली खरी अडचण वेगळीच आहे. गेज चुकलंय म्हणून धक्क्याचं माप सैल सोडलं तर चालेल, असं तुम्ही धरून चालता. प्रत्यक्षात उलट आहे. गेज अरुंद असल्यामुळेच धक्क्याचं माप जास्त जपावं लागतं.

आकडे बघा. ब्रॉडगेजवर धक्क्याची कड रुळांच्या मध्यरेषेपासून १६७० मिलिमीटरवर असते. १:८७ मध्ये १९.२ मिलिमीटर. वाघिणीची रुंदी ३.२ मीटरपर्यंत जाते, म्हणजे मध्यापासून निम्मी १.६ मीटर, मॉडेलमध्ये १८.४. मधे राहिली फट ०.८ मिलिमीटरची. आता एखाद्याने खऱ्या स्टेशनवर जाऊन धक्क्याकडच्या रुळाच्या आतल्या कडेपासून धक्क्यापर्यंतचं अंतर मोजलं, तर ते येईल साधारण ८३२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागून येणारे ९.६ मिलिमीटर तो आपल्या १६.५ गेजच्या रुळाच्या आतल्या कडेपासून मोजेल. त्याची कड मध्यरेषेपासून १७.८ वर येईल आणि वाघीण १८.४ ची आहे. पहिलीच वाघीण धक्क्याला घासून अडकेल.

म्हणून मी सगळं मध्यरेषेपासून मोजतो. मालधक्क्याचं नातं वाघिणीच्या अंगाशी आहे, रुळांमधल्या अंतराशी नाही. गेजची चूक दिसते ती गाडीकडे समोरून बघताना. धक्क्यावर लागलेली वाघीण आपण कायम बाजूने बघतो. तिथे डोळ्याला काय दिसतं? दाराची उंबऱ्याची रेघ, तिच्याखाली धक्क्याची दगडी कड, आणि मधली ती काळी फट. या तीन गोष्टी जुळल्या की चित्र खरं वाटतं. फट दोन मिलिमीटर झाली की बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकतंय हे त्याला कळेल. खऱ्या मापात ती पावणेदोनशे मिलिमीटरची फट होते. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेतलेला हमाल त्या फटीवरून पाऊल टाकणार असतो.

उंचीचंही तेच. प्रवासी फलाट रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त ८४० मिलिमीटर, मालधक्का मात्र १०७० पर्यंत. मॉडेलमध्ये साडेनऊ आणि सव्वाबारा. तीन मिलिमीटरहून कमी फरक, पण दोन्ही एकाच चित्रात असले की लगेच डोळ्यात भरतो. फलाट माणसाने चढण्यासाठी आहे, धक्का ओझं सरळ सरकवण्यासाठी.

आता किटबद्दल. मला किट कमी प्रतीचे वाटत नाहीत; काही तर अप्रतिम आहेत. पण ते दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या इमारतींचे आहेत. इंग्लिश स्टेशनांवरच्या जुन्या शेडमध्ये बहुतेक वेळा रूळच शेडच्या पोटातून जातो, म्हणून तिला दोन्ही टोकांना मोठ्या कमानी आणि चारही बाजूंनी भिंती. जर्मन शेडला उतरत्या कौलांचं जड छप्पर आणि सरकती लाकडी दारं. आपल्याकडच्या लहान स्टेशनावर चित्र वेगळं असतं. दगडी जोत्याचा लांबच लांब धक्का, त्याच्या एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला बैलगाड्यांचं आणि नंतर ट्रकचं आवार, आणि धक्क्याच्या मधल्या भागावर पत्र्याची शेड. वळचण दोन्ही बाजूंना पुढे आलेली, कारण पागोळ्या वाघीण आणि धक्का यांच्या मधे पडल्या तर साखरेचं पोतं भिजलंच. ती पुढे आलेली वळचण कुठल्याही जर्मन किटमध्ये नाही. तिथे तिची गरजच वेगळी होती.

स्टेशन काल्पनिक आहे, हे खरंच. पण मार्ग काल्पनिक नाही. दौंड–मनमाड रेल्वे १८७८ ची. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला हा सगळा पट्टा उसाचा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि मग आजूबाजूला कारखान्यांची रांगच लागली. माझा काळ १९७० च्या आसपासचा आहे: चारचाकी बंद वाघिणी, मालगाडीचं वाफेचं डब्ल्यूजी इंजिन, तागाची शंभर किलोची पोती. पुढे रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करत पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी एकदम, भरण्यावर भर दिला आणि लहान स्टेशनांवरचे असे धक्के ओस पडत गेले. कित्येक ठिकाणी आज जोतं आहे, शेड नाही. या इमारतींचं मॉडेल कुणी खोक्यात घालून विकणार नाही. ते कुणीतरी मोजून, कापून, चिकटवूनच होणार, आणि मला ते करावंसं वाटतं.

काल्पनिक स्टेशन निवडलं ते जागेसाठी. शंभर मीटरची सायडिंग (धक्क्याला लागून जाणारा बाजूचा रूळ) १:८७ मध्येसुद्धा १.१५ मीटरच्या आसपास जाते, आणि माझं टेबल तेवढं मोठं नाही. पण लांबी कमी करण्याची एक रीत आहे. मी शेडच्या कैच्यांमधले (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींमधले) गाळे कमी केले, गाळ्याचा आकार नाही. दाराची उंची, जोत्याची उंची, खांबांमधलं अंतर, ज्याला माणसाचा हात किंवा खांदा लागतो त्या कशालाच कात्री लावली नाही. शेड आखूड झाली, तिथला माणूस बुटका झाला नाही.

थ्रीडी प्रिंटला माझा विरोध नाही. धक्क्यावरचा वजनकाटा आणि वाघिणींचे बफर मी प्रिंटच करून घेतले आहेत. पण छप्पर प्रिंट करून बघा. घरगुती प्रिंटरची नोझल बहुधा ०.४ मिलिमीटरची. तेवढ्या जाडीचा पत्रा म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा. कडेने बघितलं की तो पत्रा वाटत नाही, फरशी वाटते. खरा पन्हाळी पत्रा पाऊण-एक मिलिमीटरचा. १:८७ मध्ये मिलिमीटरचा शंभरावा भाग. एवढं पातळ काय असतं? स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल. ती साधारण तेवढीच जाड असते.

तिच्यावर पन्हळी पाडायला हार्डवेअरच्या दुकानातली एम-५ ची आटे पाडलेली सळी पुरते. तिच्या आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं. त्याला ८७ ने गुणलं की ७० येतात, आणि खऱ्या पत्र्याची पन्हळ तीन इंचांची, म्हणजे ७६ मिलिमीटरची. जुन्या माउसपॅडवर फॉइल पसरायची, सळी तिच्यावर ठेवून तळहाताने दाबत पुढे लोटायची. पहिल्याच फेरीत पन्हळी उमटतात. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: आटे तिरके असतात, त्यामुळे पन्हळी लोटण्याच्या दिशेपासून सुमारे तीन अंशांनी कलतात. कापताना पट्टी फॉइलच्या कडेला न लावता पन्हळीला लावायची. मग २८ बाय ९ मिलिमीटरचे तुकडे करायचे. हा आठ फुटी पत्रा. वळचणीच्या ओळीपासून सुरुवात करून आढ्याकडे जायचं, बाजूचा पत्रा दीड पन्हळ शेजारच्यावर चढवायचा. सगळे पत्रे एका रंगाचे करू नका. गंज खिळ्यांच्या ओळीपासून खाली ओघळतो आणि जिथे पत्रे एकावर एक चढतात तिथे जास्त दिसतो.

खांबांचंही सांगतो, कारण तुम्ही त्यांना ‘उगाच सोल्डर केलेले’ म्हटलंय. आपल्या रेल्वेने कितीतरी शेडचे खांब जुन्या, बाद झालेल्या रुळांचे केले. ७५ पाउंडी रूळ १:८७ मध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास येतो. मॉडेलच्या बाजारात कोड ५५ नावाचा रूळ १.४ मिलिमीटर उंचीचा मिळतो. म्हणजे खांब म्हणून खरा रूळच वापरता आला, डोकं, मान, तळवा सगळ्यासकट. प्लास्टिकचा चौकोनी खांब लावला असता तर शेड उभी राहिली असती, पण ती रेल्वेची वाटली नसती.

एका गोष्टीत मात्र तुमची सूचना मी घेणार आहे. जोत्याच्या दगडांचा रंग फार काळा आहे, असं तुम्ही म्हणता. बेसॉल्ट उन्हात पन्नास वर्षं राहिला की राखाडी-तपकिरी होतो, आणि लहान आकारात गडद रंग आणखी गडद दिसतो. दरजांमधला चुना थोडा उजळ करून वरून पातळ राखाडी हात फिरवीन.

तुमच्याकडे पडून असलेल्या जर्मन किटबद्दल: त्याला भारतीय करायला जाऊ नका. तो आहे तसा बांधा आणि त्याच्यापुढे जर्मन वाघिणी उभ्या करा, सुंदर दिसेल. आपला मालधक्का करायचा असेल तर माउंट बोर्ड (फोटोफ्रेमला वापरतात तो जाड पुठ्ठा), फॉइल, एम-५ ची सळी आणि थोडं एम-सील एवढ्यावर सुरुवात होते. एम-सीलची पोती छान होतात. भरलेलं पोतं मॉडेलमध्ये सेंटिमीटरभर लांब. ओलं असताना त्यावर मलमलीचा तुकडा दाबला की तागाची वीण उमटते.

काहीही कापण्याआधी एकाच कागदावर आडवा छेद काढा: डावीकडे वाघीण, मधे धक्का आणि शेड, उजवीकडे बैलगाडी, सगळं १:८७ मध्ये आणि सगळं मध्यरेषेपासून मोजलेलं. तुमच्या वाघिणी कुठल्या बनावटीच्या आहेत आणि मधोमध किती रुंद भरतात ते मोजून इथे लिहा. धक्क्याची कड कुठे येईल ते त्यावरून काढून देतो.