हीथक्लिफचं प्रेम आणि इझाबेलाचं कुत्रं

एमिली ब्राँटीच्या 'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीतला हीथक्लिफ आणि त्याचं कॅथरीनवरचं प्रेम, यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'आजच्या टॉक्सिक-बिक्सिक शब्दांनी हीथक्लिफला मोजू नका, असं जीव ओवाळून टाकणारं प्रेम आता उरलंय कुठे?' हा तुमचा राग पोचला. एक चूक आधी कबूल करतो. त्याचं लहानपण मी एका ओळीत उरकलं. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेलं पोर. सांभाळणारा म्हातारा गेल्यावर म्हाताऱ्याच्या मुलाने, हिंडलेने, या पोराचं शिकणं तोडलं, त्याला गडी करून टाकलं. हे सांगायला हवं होतं.

पण आजचं माप मी लावलेलंच नाही. ते 1847 सालच्या पुस्तकातच आहे आणि लावतो कोण, तर खुद्द हीथक्लिफ! 14वं प्रकरण पुन्हा काढून बघा. त्याच्यासोबत पळून आलेली कॅथरीनची नणंद इझाबेला त्याला कादंबरीतला नायक समजली, म्हणून तो ही गोष्ट सांगणाऱ्या मोलकरणीसमोर, नेलीसमोर, तिची टर उडवतो. निघताना त्याने तिचंच लाडकं कुत्रं टांगलं होतं. ते पाहूनही ती आली! एमिली ब्राँटीने आणखी किती स्पष्ट सांगायचं?

बरं, 'वुदरिंग हाइट्स'ची प्रकरणं 34 आणि कॅथरीन मरते 16व्यात. उरलेली 18 कशासाठी? 1939 च्या हॉलिवूडपटाने पुढची पिढी गाळूनच टाकली, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात पुस्तकाऐवजी तो पडदाच आहे, असा माझा (जरा आगाऊ) संशय आहे. या उत्तरार्धात विरहापेक्षा मालमत्तेचीच भानगड जास्त. हिंडले जुगारापायी जमीन गहाण टाकत गेला, ती सगळी हीथक्लिफच्या घशात. मग कॅथरीनच्या मुलीला कोंडून, स्वतःच्या मरायला टेकलेल्या पोराशी तिचं लग्न, म्हणजे कॅथरीनच्या सासरची, लिंटनांची, इस्टेटही इकडेच. आपल्याकडे याला सावकारी म्हणतात. प्रेयसीची शवपेटी उघडून चेहरा बघणारा हा माणूस तिच्याच मुलीच्या थोबाडीत मारतो. शवपेटीवर तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिलात. थोबाडीचं नावही नाही.

'तो तरी काय करणार, जगानेच त्याला तसं घडवलं,' असं तुम्ही म्हणता. मग हेअरटनचं काय? हिंडलेच्या या मुलाला हीथक्लिफने जाणूनबुजून अडाणी ठेवलं. त्याच वाऱ्यात हे झाडही तितकंच वाकडं वाढतं का, बघू, असं तो बोलूनही दाखवतो. नाही वाढलं. हीथक्लिफ मेल्यावर रात्रभर प्रेताशी बसून खरंखुरं रडणारा एकटा हेअरटनच.

पहिल्या वाचनात ते पान मी भराभर उलटलं होतं. शेवटी हीथक्लिफ आणि कॅथरीनची भुतं माळावर एकत्र फिरतात की नाही, एवढंच मला हवं होतं.